वडिलांच्या ओळखीतली प्रीमियर पद्मिनी बारा वर्षं शेडमध्ये उभी आहे. दुरुस्तीसाठी घ्यावी का? आधी काय बघू?

इंजिन नंतर, आधी पत्रा. पद्मिनीला वेगळी चासी फ्रेम नाही, बॉडीच सगळा भार पेलते. त्यामुळे खालचा पत्रा कुजला असेल तर तो नुसता दिसण्याचा प्रश्न राहत नाही. मॅट उचला, पायाखाली, दारांच्या खालच्या पट्टीत आणि जॅक लावायच्या जागी पेचकसाचं टोक दाबून बघा. ठणठणीत लागलं तर छान. टोक आत गेलं, तांबूस चुरा पडला, तर पत्राकामाचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त होऊ शकतो. पातळ फडक्यात गुंडाळलेलं चुंबक फिरवा. जिथे धरत नाही तिथे रंगाखाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे.

इंजिन 1089 सीसीचं, साधं. जाम असलं तरी घाबरू नका, पण बॅटरी लावून थेट स्टार्टर मारू नका, प्लीज! प्लग काढा, सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, रात्रभर ठेवा, मग पान्याने हळूच फिरवून बघा.

आरसी मूळ हवी आणि चासी नंबर तिच्याशी जुळायला हवा. कागदच नसतील तर मी घेणार नाही, गाडी कितीही आवडली तरी.