वाळवंटात गवत वाढलं तर बिघडलं कुठं?

प्रश्न : वाळवंटात बाहेरचं गवत पसरतंय म्हणून शास्त्रज्ञ ओरडतायत असं ऐकलं. पण हिरवळ वाढली तर चांगलंच की? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : नाही हो, तिथंच सगळी गडबड आहे. आपल्या पंचगंगेत जलपर्णी माजते तीही हिरवीच असते ना.

अमेरिकेतल्या सोनोरन वाळवंटात झाडं एकमेकांपासून लांब लांब असतात, मधे मोकळी माती, त्यामुळं वीज पडून एखादं झुडूप पेटलं तरी आग पुढं जायची नाही. मग गुरांच्या चाऱ्यासाठी तिथं बफेल गवत आणलं, ते मधल्या जागा भरत गेलं, वाळलं की सगळा परिसर पेटतो, आणि साग्वारो निवडुंगाला आगीची सवयच नाही, तो मरतो. गवत मात्र मुळातून परत फुटतं. साग्वारोला पहिली फांदी यायलाच ५० ते ७५ वर्षं लागतात, कधी जास्तच, विचार करा! त्यात या गवताला कडाक्याची थंडी सोसत नाही, म्हणजे हिवाळे उबदार झाले की त्याचं फावतंच.

आणि हेच गवत आपल्या राजस्थानात मूळचं आहे, अंजन किंवा धामण म्हणतात, तिथं गुरं आवडीनं खातात. दोष गवताचा नाहीच, नको तिथं नेऊन लावलं त्याचा आहे. कच्छच्या बन्नीत खारेपणा रोखायला विलायती बाभूळ लावली, तिनं तिथली चांगली कुरणं गिळली, मालधारी लोकांच्या गुरांचे हाल झाले, याचं मला फार वाईट वाटतं.