बॉनेट: टोपडं, कुंची की हॅट?

नाटकासाठी जुन्या इंग्रजी पोशाखाची टिपणं मराठीत आणताना ‘बॉनेट’ला काय म्हणावं, असा प्रश्न आहे. काळ रीजन्सीचा, म्हणजे इंग्लंडात राजाच्या जागी युवराज कारभार पाहत होता तो, काटेकोर धरला तर १८११ ते १८२०.

‘हॅट’ आधी बाद करू. हॅटची कड डोक्याभोवती चहूकडून फिरते. बॉनेटची कड चेहऱ्याभोवती पुढे येते आणि सहसा कानांमागे संपते, मानेकडे जवळपास नसतेच. शिवाय ते हनुवटीखाली फितीने बांधतात. हॅट घालतात, बॉनेट बांधतात. इथे क्रियापदच निवाडा करतं.

बांधायचंच आहे तर टोपडं का नको? त्याला बंद असतात हे खरं, पण पुढे ताठ कड नसते. आणि टोपडं म्हटलं की तान्हं बाळच दिसतं. ‘लेडीसाहेब टोपडं बांधून फिरायला निघाल्या’ या वाक्याला प्रेक्षक नको तिथे हसतील. कुंची तर डोक्यावरून पाठीवर उतरते. बॉनेट मानेशीच थांबतं. (मानेवर झालर लावायची पद्धत नंतरच्या दशकांत रुळली, ती या काळात घुसडू नका.)

म्हणून ‘बॉनेट’ तसंच ठेवावं, नपुंसकलिंगी, गाडीच्या बॉनेटसारखं. गाडीच्या झाकणाला ते नाव या डोक्यावरच्या बॉनेटवरूनच मिळालं आहे.

भागांसाठी मात्र शिंप्याकडचे शब्द पुरतात. पुढची ‘कड’, मागची ‘वाटी’, आत ‘अस्तर’, काठाला ‘गोट’, बांधायला ‘फिती’. कडेला ताठपणा बकरमाने, म्हणजे खळ दिलेल्या ताठ कापडाने येतो. कॉलरचं पातळ बकरम एकेरी घेतलं तर कड तासाभरात पडते. दोन थर घ्या, एकाचे धागे उभे आणि दुसऱ्याचे तिरपे. पाणी लागलं की बकरमातली खळ सुटते, त्यामुळे इस्त्री करताना वाफ टाळा. काठावर तार काजाच्या टाक्याने बसवा. तारेची टोकं ४-५ सेंमी एकमेकांवर घेऊन जोड मानेकडे ठेवा. कपाळासमोर आला तर तिथे हमखास कोन पडतो. वर गोट उरेब, म्हणजे धाग्याला तिरप्या कापलेल्या कापडाचाच हवा, सरळ पट्टी वळणावर सुरकुतते. शेवटचे टाके हाताने घाला. अमेरिकन संशोधक एलियस हाउच्या शिवणयंत्राचं पेटंटच १८४६चं, त्यामुळे वरून दिसणारी मशिनची टीप लगेच चुगली करते.

वाटीत लोक सगळ्यात जास्त फसतात. त्या काळी केस मागे उंचावर बांधत, म्हणून वाटीला खोली लागते. ४० सेंमी व्यासाचं गोल कापड घेतलं तर परीघ साधारण १२५ सेंमी होतो. तो डोक्याच्या ५६ सेंमी घेरात आणायचा, म्हणजे चुण्या दुपटीहून जास्त. कापडात काटकसर केली की अंबाड्याला जागा उरत नाही आणि बॉनेट पुढे ढकललं जाऊन डोळ्यांवर येतं. फिती कड आणि वाटीच्या शिवणीवर, कानाजवळ लावा, प्रत्येकी ८० सेंमीच्या आसपास. कडेच्या बाहेरच्या काठाला लावल्या तर गाठ मारताच कड गालांवर मिटते. तसंही पुढे फार आलेली कड घोड्याच्या झापडांसारखीच असते, नटीला बाजूचं काही दिसत नाही. तालमीतच बांधायला द्या.

बाकीच्या पोशाखाला मराठी शब्द आयते आहेत. पातळ झग्याचं कापड ‘मलमल’. बंगालची मलमल तेव्हा इंग्लंडात मिरवत होती. अशा झग्याला खिसा सोसत नाही, म्हणून हातात दोरी ओढून मिटायची पिशवी असे. तिला ‘रेटिक्यूल’ लिहायची गरज नाही, तो सरळ बटवा. ‘शाल’ तर इंग्रजांनी इकडूनच नेली आणि काश्मिरी शालीवरची आपली कोयरी स्कॉटलंडच्या पेझली गावाच्या नावाने जगभर फिरली.

राहिलं रूप. अनेकवचन ‘बॉनेटं’, सामान्यरूप ‘बॉनेटा-’. ‘बॉनेटची कड’ आणि ‘बॉनेटाची कड’ दोन्ही कानाला चालतात, पण अनेकवचनात ‘बॉनेट्सना’ नको, ‘बॉनेटांना’ लिहा.