ॲपमधली डाउनलोड केलेली गाणी गेली: परत प्लॅन घ्यावा की फाइल्स फोनमध्ये टाकाव्यात?

प्लॅन संपला आणि ॲपमध्ये डाउनलोड करून ठेवलेली भजनं, नाट्यगीतं एकही वाजेना, आता परत पैसे भरू की लॅपटॉपवरच्या एमपीथ्री फोनमध्ये टाकू, असं विचारलंय तुम्ही. आमच्या घरी हेच झालं होतं म्हणून जरा सविस्तर लिहितोय. माझं मत विचाराल तर टाका फोनमध्ये.

ॲपमधलं डाउनलोड तुमच्या मालकीचं नसतंच. फाइल लॉक केलेली असते, दुसऱ्या कशात वाजत नाही. स्पॉटिफायचे तर पैसे चालू असले तरी ३० दिवसांतून एकदा फोन नेटवर आणावा लागतो, नाहीतर डाउनलोड जातात.

मला सगळ्यात जास्त मनस्ताप झाला तो एका ॲपच्या कस्टमर केअरचा, नाव घेत नाही. ॲप बंद होणार होतं म्हणून मेसेज आला की एक बटण दाबा, प्लेलिस्ट दुसरीकडे जाईल. गेली, नावं सगळी जशीच्या तशी, पण आईच्या यादीतला अभंग लावला तर आवाज भलत्याचाच! जुन्या रेकॉर्डिंगच्या जागी त्याच अभंगाचं कुणीतरी कीबोर्डवर केलेलं नवीन काहीतरी, आणि बऱ्याच पदांचं असंच. चॅटवर विचारलं तर उत्तर आलं, तुमची गाणी यशस्वीरीत्या ट्रान्सफर झाली आहेत. मी लिहितोय की अहो अभंग तोच आहे पण गायिका ती नाही, तर परत तेच वाक्य आणि तिकीट क्लोज. नवीन तिकीट काढलं की समोर नवीन माणूस, पुन्हा पहिल्यापासून सांगा, स्क्रीनशॉट पाठवा. शेवटी ॲपच बंद झालं, मग दाद मागायची कुणाकडे? कॅसेटच्या काळापासून आईच्या कानात तो एकच आवाज बसलाय, तिला 'हेही तेच आहे' असं कोणत्या तोंडाने सांगू?

आता फाइल्सचं. कॉपी-पेस्ट तुम्हाला जमेलच, ते सांगत बसत नाही. लॅपटॉपला फोन दिसतच नसेल तर आधी केबल बदला, बऱ्याच स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात. गाणी कॉपी झाली पण प्लेअरमध्ये येत नाहीत असं झालं तर फाइल मॅनेजरमध्ये हिडन फाइल्स ऑन करून बघा, फोल्डरमध्ये 'डॉट नोमीडिया' (.nomedia) नावाची रिकामी फाइल असली की अँड्रॉइड तो फोल्डर वगळतो. ती डिलीट करा, फोन रीस्टार्ट करा, येतात. नावांच्या जागी चौकोन दिसले तर लॅपटॉपवर एमपीथ्रीटॅग (गाण्याच्या फाइलमधली माहिती बदलायचं सॉफ्टवेअर) घेऊन त्यात नावं नीट भरा, आणि 'अल्बम आर्टिस्ट' रिकामं सोडू नका, नाहीतर एकाच अल्बमचे दहा तुकडे होतात. प्लेअर म्हणून मी म्युझिकोलेट नावाचं ॲप वापरतो, त्याला नेट लागतच नाही. (हे सगळं अँड्रॉइडचं. आयफोन मी स्वतः वापरत नाही, पण व्हीएलसी या प्लेअरमध्ये वायफायवरून फाइल्स टाकता येतात.)

जागेची काळजी करू नका. ३२० केबीपीएसला (म्हणजे एमपीथ्रीच्या सगळ्यात वरच्या दर्जाला) मिनिटाला साधारण २.४ एमबी, म्हणजे अर्ध्या तासाचा राग ७२ एमबीच्या आसपास. ६४ जीबीच्या मेमरी कार्डात चारशे तास आरामात बसतात. आणि कोकण रेल्वेने जाणाऱ्यांनी तर स्ट्रीमिंगचा विचारही करू नये, रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदाच साडेसहा किलोमीटरचा आहे, तिथे कसलं नेट!

शास्त्रीय ऐकणाऱ्यांचं अजून एक दुखणं. विलंबित (संथ) आणि द्रुत (जलद) वेगळे ट्रॅक असतात, फुकटच्या प्लॅनमध्ये शफल असलं तर द्रुत आधी लागू शकतो. मला ते अजिबात सहन होत नाही. रागाची बढत, म्हणजे संथपणे सुरू होऊन टप्प्याटप्प्याने होणारा विस्तार, काय गंमत म्हणून असते का?

स्ट्रीमिंग वाईट असं नाही म्हणत, नवीन काही शोधायला मीही वापरतो. पण जे रेकॉर्डिंग गेलं तर जीव हळहळेल ते स्वतःकडेच हवं, आणि फोनशिवाय अजून एका हार्ड डिस्कवरही.

घरी जुन्या कॅसेट असतील आणि बाहेरून कन्व्हर्ट करून घेणार असाल तर दुकानदाराकडून एका बाजूची एक अशी अखंड वेव्ह किंवा फ्लॅक फाइल (यांत आवाजाचा दर्जा कमी होत नाही) मागून घ्या, तो सवयीने १२८ केबीपीएसची एमपीथ्री करून देतो आणि मग गेलेला आवाज परत आणता येत नाही.