सूर्याच्या पोटातले हेलकावे

प्रश्न : सूर्याचा गाभा साधारण आठवड्यात एक फेरी घेतो असं मी वाचलं. आमचे सर म्हणतात, ते अजून पक्कं नाही. ज्या लहरींवरून हे ठरवायचं, त्या इतक्या वर्षांत सापडत का नाहीत?
– अकरावीची विद्यार्थिनी, वसमत

उत्तर : सरांचं बरोबर आहे. तुझ्याच जिल्ह्यात, औंढ्याजवळ, लायगो ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. तिथे शोधायच्या लहरी निराळ्या, त्यांची इथे गल्लत करू नकोस. इथे प्रश्न आहे तो सूर्यातल्या वायूच्या हेलकाव्यांचा. वर ढकललेला जड वायू वजनानं खाली येतो, थोडा जास्तच बुडतो, पुन्हा वर उचलला जातो.

वर्गात मी हे बरणीत दाखवायचे. खाली निळं पाणी, वर गोडं तेल. बरणी हळूच कलती करून सरळ ठेवली की दोन्हींमधली सीमा संथपणे डुलत राहते, वरचा पृष्ठभाग मात्र जेमतेम हलतो. शेवटच्या बाकावरून पाहिलं तर बरणीत काही चाललंय असं वाटतच नाही.

सूर्यात आतल्या सुमारे 70 टक्के त्रिज्येपर्यंत हे हेलकावे चालू शकतात. त्यावरचा थर सतत उकळतो आणि त्यात ते विरतात. वर उरतो तो सेकंदाला मिलिमीटरभर, कदाचित त्याहून कमी वेग. आणि उकळीतला वायू तर तिथे सेकंदाला किलोमीटरभर वेगानं वरखाली होत असतो! सूर्यातल्या दुसऱ्या लहरी, सुमारे पाच मिनिटांत एक हेलकावा घेणाऱ्या ध्वनिलहरी, सहज दिसतात, उदयपूरसह सहा ठिकाणांहून त्यांची नोंद होते. पण त्या गाभ्यातून झरकन निघून जातात, त्यामुळे गाभ्याबद्दल फार थोडं सांगतात.

म्हणूनच घाई नडते. 1976 मध्ये क्रिमिया आणि बर्मिंगहॅमच्या निरीक्षकांनी सूर्याचा 160 मिनिटांत एकदा होणारा हेलकावा सापडल्याचं जाहीर केलं. आता भागाकार कर: 1440 भागिले 160, बरोबर नऊ. दिवसाचा नेमका नववा भाग! संशय पृथ्वीच्याच दिवस-रात्रीवर, आपल्या हवेवर गेला. पुढे पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवरून, जिथे रात्रच होत नाही, सूर्यावर नजर ठेवणाऱ्या सोहो यानानं पाहिलं, तेव्हा तो हेलकावा दिसला नाही.

तू वाचलेला दावा 2017 चा, सोहोच्याच साडेसोळा वर्षांच्या नोंदींवरचा. दुसऱ्या गटानं 2018 मध्ये तीच आकडेमोड पुन्हा केली. नोंदीची सुरुवात जराशी सरकवली की हेलकाव्यांची खूण नाहीशी व्हायची. खरा हेलकावा असा नाहीसा होत नाही, म्हणून मी तो दावा अजून मानत नाही.

बरणीचा प्रयोग घरी नक्की कर. फक्त ती काठोकाठ भरू नकोस, नाहीतर वरचा पृष्ठभाग दिसणार नाही.