रिस्क-फाइव्हसाठी पोर्टिंग : बोर्डाची वाट पाहू नका

धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील तुम्हा तिघांचा प्रश्न असा आहे की, आज केवळ इंटेल-एएमडीच्या ६४-बिट प्रोसेसरवर चालणारी एक छोटी मुक्तस्रोत ऑपरेटिंग सिस्टीम रिस्क-फाइव्ह या मुक्त प्रोसेसर-रचनेवर न्यायची (पोर्ट करायची) असल्यास सुरुवात कोठून करावी आणि तसा प्रोसेसर असलेला बोर्ड हाती येईपर्यंत थांबावे का. थांबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. असे बोर्ड आपल्याकडे जळगाव-धुळ्याच्या दुकानांत सहसा मिळत नाहीत आणि पहिल्या टप्प्यात त्यांची गरजही नाही. साध्या लॅपटॉपवर क्रॉस-कंपायलर (एका प्रोसेसरवर बसून दुसऱ्यासाठी कोड तयार करणारा) आणि क्यूईएमयू (दुसऱ्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारे सॉफ्टवेअर) एवढे पुरते.

क्यूईएमयूच्या ‘व्हर्ट’ या आभासी मशीनमध्ये ओपनएसबीआय हे फर्मवेअर आधी चालते आणि मग तुमच्या कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याकडे, ताबा देते. त्या वेळी ए-० रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधील छोट्या साठवण-जागेत) कोअरचा क्रमांक आणि ए-१ मध्ये डिव्हाइस ट्रीचा, म्हणजे यंत्रातील हार्डवेअरच्या वर्णनाचा, पत्ता असतो. सर्वप्रथम सिरियल कन्सोलवर, म्हणजे अक्षरे दाखवणाऱ्या साध्या जोडणीवर, एक अक्षर उमटवा. ते उमटेपर्यंत दुसऱ्या कशालाही हात लावू नये, कारण पुढची प्रत्येक चूक तुम्हाला त्याच वाटेने दिसणार आहे.

खरी कसोटी पेजिंगची, म्हणजे आभासी पत्ते ‘पेज टेबल’ या तक्त्यांद्वारे मेमरीतील खऱ्या पत्त्यांशी जोडण्याची. इंटेलच्या पद्धतीत पेज टेबलच्या मधल्या पातळ्यांवरील नोंदींतही लेखनाची परवानगी दिलेली असते. तोच कोड रिस्क-फाइव्हवर जसाच्या तसा नेल्यास घात होतो : येथे वाचन, लेखन किंवा अंमल यांपैकी एक जरी बिट लावला, तरी ती नोंद पुढच्या टेबलकडे न नेता स्वतःच शेवटची, म्हणजे मोठ्या पेजची, ठरते. मधल्या नोंदीत ‘वैध’ हा बिट लावून हे तिन्ही शून्यच ठेवावेत. दुसरी अडचण पेजिंग सुरू करण्याच्या क्षणाची. पेज टेबल कोठे आहे हे सांगणाऱ्या एसएटीपी रजिस्टरमध्ये मूल्य लिहिताच पुढची सूचना नव्या पत्त्यांनुसार शोधली जाते आणि तो पत्ता मॅप केलेला नसल्यास लगेच ट्रॅप येतो, म्हणजे प्रोसेसर चालू काम सोडून आधी ठरवलेल्या पत्त्यावर उडी घेतो. लिनक्सने याच ट्रॅपचा उपयोग करून घेतला आहे : ट्रॅप आल्यावर कोठे जायचे तो पत्ता ठेवणाऱ्या एसटीव्हेक रजिस्टरमध्ये पुढच्या सूचनेचा आभासी पत्ता आधीच लिहिलेला असतो, त्यामुळे ट्रॅप येताच प्रोसेसर नेमका हव्या त्या जागी पोहोचतो. हा भाग मला आजही अतिशय सुंदर वाटतो. तो मूळ कोडमध्ये जरूर वाचा.

एमआयटीची एक्सव्ही-६ ही अध्यापनासाठीची प्रणाली २०१९ मध्ये इंटेलवरून रिस्क-फाइव्हवर नेण्यात आली. तिच्या दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पाहिल्यास यंत्रावर अवलंबून असलेला कोड किती आणि सामाईक कोड किती, हे चटकन उमगेल.

प्रकल्पाची व्याप्ती मात्र आवरती ठेवा. रिस्क-फाइव्हचा आधार लिनक्सच्या ४.१५ या आवृत्तीत जानेवारी २०१८ मध्ये आला, पण डेबियन या लिनक्स-आधारित प्रणालीची ती अधिकृत आर्किटेक्चर झाली जुलै २०२३ मध्ये. कर्नलपेक्षा त्यावर चालणाऱ्या हजारो पॅकेजेसचे काम फार लांबते. कर्नलवर एक युजर प्रोग्रॅम नीट चालला, तर अंतिम वर्षासाठी ते भरपूर आहे.

एकाहून अधिक कोअर वापरू लागाल तेव्हा बोर्ड मागवा. रिस्क-फाइव्हमध्ये मेमरी-व्यवहारांच्या क्रमाचे नियम इंटेलपेक्षा सैल आहेत, त्यामुळे क्रम पाळायला लावणारी एखादी ‘फेन्स’ सूचना राहून गेल्याचा दोष इंटेलच्या लॅपटॉपवरील क्यूईएमयूत बहुधा दिसतच नाही. तोपर्यंत कोठे अडकलात, तर एसकॉज, एसईपीसी आणि एसटीव्हॅल या तीन रजिस्टरांतील मूल्ये येथे लिहा. ट्रॅप कशामुळे आणि कोणत्या पत्त्यावर आला, हे त्यांवरून सांगता येईल.