सोडवून आणल्यानंतर

रामबाग, इंदूर

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. वेश्याव्यवसायातून सोडवून आणलेल्या ज्या बाईसाठी तू दोन महिने धावपळ केलीस, निवारागृहात जागा मिळवलीस, शिवणवर्गात नाव घातलेस, ती एके सकाळी कोणाला न सांगता परत गेली, आणि "मुळात तिला बाहेर यायचेच नव्हते का?" हा प्रश्न तुला झोपू देत नाही, असे तू लिहितेस. तीस वर्षे याच कामात घालवल्यावर मला असे वाटते की तिला बहुधा बाहेर यायचे होते आणि तरीही ती परत गेली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे जोवर तुला पटत नाही, तोवर तू तिच्यावर मनातून रागावत राहशील, आणि तो राग तिला तुझ्या चेहऱ्यावर तुझ्याआधी दिसेल.

2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी नऊ देशांतील, या व्यवसायात असलेल्या किंवा नुकत्याच बाहेर पडलेल्या 854 व्यक्तींना प्रश्न विचारले होते. त्यांतील 89 टक्के जणांनी बाहेर पडण्याची इच्छा सांगितली, आणि 68 टक्के जणांमध्ये आघातानंतर जडणाऱ्या मानसिक विकाराची पुरेपूर लक्षणे आढळली. त्या नऊ देशांत भारत नव्हता, म्हणून हे आकडे जसेच्या तसे आपल्याकडे लावू नयेस. परंतु त्यांमागची अवस्था मी इंदुरात पाहिली आहे. कडी वाजली की दचकणारी, पाठीमागून हाक आली की अंग चोरणारी, दिवसा ग्लानीत असणारी आणि रात्री दोन वाजता स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेली बाई मी पुष्कळदा पाहिली आहे. ग्राहकाची मारहाण, निरोध वापरायला त्याचा नकार, लागोपाठचे गर्भपात, आणि हे सगळे सोसता यावे म्हणून लागलेली दारू, एवढे शरीरावर घेऊन ती तुझ्याकडे येते, आणि निवारागृहात तिला सांगितले जाते की दहाला दिवे बंद होतील व सहाला प्रार्थना होईल. ती उठली नाही तर तिच्या नावापुढे "आळशी, सहकार्य करत नाही" असा शेरा पडतो. असे शेरे मीही लिहिले आहेत, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

माझी एक मोठी चूक तुला सांगते. सुरुवातीच्या वर्षांत एका बाईला मी सांवेर रोडवरच्या एका नमकीनच्या कारखान्यात काम मिळवून दिले होते. खोली होती, पगार होता, ती हसायला लागली होती. आणि अकराव्या आठवड्यात ती गेली. वर्षभराने ती भेटली तेव्हा तिने मला शाळेची एक वही दाखवली. घरवालीच्या, म्हणजे कुंटणखाना चालवणाऱ्या बाईच्या, हातचा हिशेब होता तो: दलालाला दिलेली तिची किंमत, खाटेचे भाडे, साड्या, डॉक्टर, धाडीनंतर वाटलेले पैसे, आणि या सगळ्यावर महिन्याचे व्याज. असे कर्ज कायद्याने वसूल करता येत नाही, 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने वेठीचे कर्ज फेडण्याची जबाबदारीच रद्द केली आहे, हे मी मोठ्या उत्साहाने तिला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि मग सांगितले की तिची पाच वर्षांची मुलगी त्याच घरवालीकडे होती. मी कारखाना शोधला, खोली शोधली, शिलाई यंत्रासाठी अर्जही केला; "तुझे मूल कुठे आहे?" एवढे मात्र मी तिला अकरा आठवड्यांत एकदाही विचारले नव्हते. तू कसे आलीस, कोणी आणले, हे प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारले होते, कारण ते फॉर्मवर होते.

आपल्या माळव्यात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, जी मुंबई-पुण्याच्या अनुभवावरून कळत नाही. महू-नीमच रस्त्यावर, रतलाम, मंदसौर आणि नीमच जिल्ह्यांत बांछडा समाजाचे डेरे, म्हणजे वस्त्या, आहेत, आणि त्यांतील अनेक घरांत थोरल्या मुलीला या धंद्यात बसवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. त्या समाजात लग्नात मुलाकडच्यांनी मुलीकडच्यांना रक्कम द्यायची असते, आणि भावाच्या लग्नासाठी ती रक्कम पुष्कळदा बहिणीच्या कमाईतून उभी राहते. अशा मुलीला "घरी परत पाठवणे" याचा अर्थ काय होतो, याचा तू विचार कर. तिची कमाई थांबली तर चूल थांबेल असे जिथे सगळ्यांनाच माहीत आहे, तिथे दलाल लागतच नाही. मात्र याच समाजातल्या कित्येक मुली आज शिकून नोकरीला लागल्या आहेत, तेव्हा कोणाच्या आडनावावरून काहीही गृहीत धरू नकोस; ते गृहीत धरणे हाच त्या मुलींच्या वाटेतला मोठा अडसर आहे.

डॉ. आंबेडकरांचा जन्म आपल्या महूचा, म्हणून ही आठवण येथे सांगते. जून 1936 मध्ये मुंबईच्या दामोदर हॉलमध्ये कामाठीपुऱ्यातील स्त्रिया, मुरळ्या, जोगतिणी यांच्यापुढे ते बोलले, आणि हे जिणे सोडा असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मग पोट कसे भरायचे, याचे उत्तर मी देणार नाही, मार्ग शेकडो आहेत, अशा आशयाचेही ते बोलले. त्यामागे त्या स्त्रियांच्या माणूसपणावरचा विश्वास होता, असे मी मानते. तरीही ते शेकडो मार्ग त्या बाईच्या दारापर्यंत येत नाहीत, हे पाहण्यात माझे आयुष्य गेले. तिला रोज रात्री रोख पैसे मिळण्याची सवय असते, मुलाचे दूध आणि आईची औषधे त्याच रोखीवर चालतात, आणि आपण तिला महिन्याच्या अखेरीस मिळणारे विद्यावेतन देऊ करतो, जे बहुधा तीन महिने उशिरा येते. पहिल्या महिन्याच्या रोजच्या खर्चाची तजवीज झाल्याशिवाय मी नंतर कोणालाही बाहेर आणले नाही.

कायदा नीट वाच. 1956 च्या अनैतिक व्यापार प्रतिबंध कायद्याखाली वेश्याव्यवसाय हा स्वतःच गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणे, दुसऱ्याच्या कमाईवर जगणे, मुली आणून बसवणे हे गुन्हे आहेत. परंतु आठव्या कलमाखाली ग्राहकाला खुणावणाऱ्या स्त्रीला पहिल्या खेपेस सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि त्याच कलमात पुरुषासाठी कमाल मर्यादा तीन महिन्यांची आहे. त्या एका शिक्षेचा कागद पुढे नोकरीत, भाड्याच्या खोलीसाठी होणाऱ्या पोलीस चौकशीत, सगळीकडे तिच्या मागे येतो. 19 मे 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मस्कर प्रकरणात निर्देश दिले की संरक्षणगृहांत मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान स्त्रियांच्या सुटकेचा विचार व्हावा; धाडीत सापडलेल्या स्त्रियांना अटक, दंड किंवा त्रास होऊ नये, ही न्यायालयाने नेमलेल्या समितीची शिफारसही त्याच आदेशात नमूद आहे. त्याची प्रत जवळ ठेव. अल्पवयीन मुलीच्या बाबतीत मात्र संमतीचा प्रश्नच उद्भवत नाही. तेथे क्षणभरही थांबू नकोस, 1098 या मुलांच्या मदतवाहिनीवर कळव.

काही बायका तुला सांगतील की हे आमचे काम आहे, आम्हाला सोडवू नका. त्यांच्याशी वाद घालू नकोस. दवाखाना, मुलाची शाळा, बँकेचे खाते यांसाठी त्यांनाही तुझी तेवढीच गरज आहे, आणि ज्या दिवशी त्यांपैकी कोणाला निघावेसे वाटेल, त्या दिवशी तिला वाद न घालणारे माणूसच आठवेल.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे वाटेल, पण मी तरुण असते तर तिथूनच सुरुवात केली असती. पत्त्याचा पुरावा नसलेल्या स्त्रीला राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकाच्या प्रमाणपत्रावर आधार कार्ड मिळू शकते, आणि त्यावर तिच्या व्यवसायाची कोणतीही खूण असता कामा नये, हेही सर्वोच्च न्यायालयाच्या त्याच 2022 च्या निर्देशांत आहे. मुलाच्या जन्मदाखल्यासाठी अविवाहित आईवर वडिलांचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही, असा निकाल 2015 चा आहे. वकिलाची फी तिला द्यावी लागत नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.

आता तुझ्या त्या बाईविषयी. तिला जाऊन भेट, पण "का गेलीस?" असे विचारू नकोस, आणि बरोबर कोणी अधिकारी नेऊ नकोस. शिवणवर्गातले तिचे अर्धवट राहिलेले झबले तू जपून ठेवले आहेस असे लिहिले आहेस, ते घेऊन जा. ते कोणाच्या मापाचे होते, एवढेच विचार. मूल असेल तर त्याचा जन्मदाखला आहे का ते पाहा, नसेल तर गुरुवारी दुपारी माझ्याकडे ये. नोंदणी कार्यालयातला अर्ज कसा भरायचा ते आपण बसून पाहू.

तुझी,
मावशी