43 ईमेल, दोन उत्तरं

"ताई, दहा महिन्यांत 43 ईमेल केले. उत्तरं दोन आली, दोन्हींत 'सध्या जागा नाही' एवढंच. आता वयही निघून चाललंय."

बडोद्याच्या दांडिया बाजारातली, इतिहासात पीएचडी केलेली ती चौतिशीची मुलगी हे सांगताना रडवेली झाली होती. पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची ठरावीक मुदतीची संशोधनाची जागा, शोधणाऱ्या बहुतेकांची हीच तक्रार असते. तिचा प्रबंध बडोदा संस्थानातल्या सक्तीच्या शिक्षणावर. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सुरुवात केली, 1906 मध्ये सक्ती संस्थानभर लागू झाली. पण खेड्यातल्या मुली खरंच शाळेत टिकल्या का, हा तिचा प्रश्न. मला तर ऐकताक्षणीच आवडला.

मी म्हटलं, ईमेल दाखव. मजकूर तिच्या नवऱ्याच्या रसायनशास्त्रातल्या मित्राचा होता: "आपल्या गटात काम करण्याची इच्छा आहे, सोबत बायोडेटा." रसायनात असं पत्र कधीकधी चालून जातं. तिथे प्राध्यापकाकडे प्रकल्पाचा निधी असतो, त्यातच पोस्टडॉकचा पगार धरलेला असतो, जाहिरात निघते. इतिहासाच्या प्राध्यापकाकडे असा पैसा क्वचितच असतो. तिथे आपण आपला प्रश्न घेऊन जायचं, त्यांची संमती मिळवायची आणि फेलोशिपसाठी प्रस्ताव पाठवायचा. म्हणजे ज्यांच्या हातात जागाच नव्हती अशांकडे ती दहा महिने जागा मागत होती. हे तिला कुणी आधी सांगायला हवं होतं.

वयाची भीतीही अशीच. राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिपची 35 वर्षांची अट वाचून ती धास्तावली होती. पण ती योजना विज्ञान-अभियांत्रिकीची, आणि त्यातही स्त्रियांना सवलत आहे. युरोपातली मारी क्युरी फेलोशिप वय पाहत नाही, पीएचडीनंतरची 8 वर्षं मोजते. हिची पाच झालेली. त्यातलं बाळंतपणाचं दीड वर्ष धरतच नाहीत. अट एवढीच, की ज्या देशात जायचं तिथे आधीच्या 36 महिन्यांत 12 महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं. ही तर बडोद्याबाहेर फारशी गेलेलीच नाही.

निघता निघता ती म्हणाली, "आजोबांनी मोडी शिकवली म्हणून निभावलं, नाहीतर निम्मे कागद वाचताच आले नसते." मी तिला पुन्हा बसवलं. 43 पैकी एकाही ईमेलमध्ये मोडीचा उल्लेख नव्हता!

मग नव्याने पत्रं लिहिली, फक्त सात. प्रत्येकात त्या प्राध्यापकांच्या एका लेखातला एक मुद्दा, त्यावर तिचं म्हणणं, आणि तिने मोडीतून वाचलेला एखादा कागद. लिहायला दीड महिना लागला. तिघांनी उत्तर दिलं; जर्मनीतल्या एका बाईंनी प्रबंधाची दोन प्रकरणं मागवली आणि मार्गदर्शक व्हायला होकार कळवला.

फेलोशिप मिळेलच असं मी तिला सांगितलेलं नाही, स्पर्धा फार मोठी आहे. अर्जाची मुदत सप्टेंबरात संपते. मागच्या शनिवारी ती प्रस्तावाचा सहावा खर्डा घेऊन आली, आणि त्याची सुरुवात तिने एका मोडी कागदापासून केली होती.